जावेच्या अंगातला हात

हाक मारली की शेवंता आताशा लगेच वळत नाही. आधी उजवा हात पोटाशी धरते, तान्हं पोर धरावं तसा, मग मान वळवते आणि मग म्हणते, “काय म्हणता, आक्का?” तीस वर्षं जी बाई “काय वो आक्का” म्हणत आली, ती एका हिरव्या बाहीपायी “काय म्हणता”वर आली होती, आणि तेव्हापासून द्वारकाबाई अवघडेंच्या घशाखाली घास नीट उतरत नव्हता.

शेवंता ही त्यांची धाकटी जाऊ. भिंतीला भिंत लागून घर. पलीकडं काय चाललंय ते बघायला उठावंही लागायचं नाही. शेवंता पाण्याची कळशी डाव्या हातानं उचलते. भाकरी थापायचं सुनेवर सोपवलंय. परवा नात्यातल्या साखरपुड्यात सगळ्या बायका पुऱ्या लाटायला बसल्या, तर ही आपली खुर्चीवर. वर म्हणते कशी, “माझ्या हाताला जपावं लागतं हो. कामाचा हात आहे.”

“हात तिचा न्हवंच,” द्वारकाबाईंनी तिथल्या तिथं, पुऱ्या लाटता लाटता सगळ्यांना सांगून टाकलं. “हात माझा हाय. तिच्या अंगात नुसता राह्यला गेलाय.”

बायका हसल्या. पण त्यात चेष्टा अशी काही नव्हती. शब्दन् शब्द खरा होता.

सोलापूर शहराचा सुका कचरा गावाबाहेर एका लांबलचक पत्र्याच्या शेडमध्ये येतो. द्वारकाबाई तिथं निवडायला लागल्या तेव्हा नुसतं मैदान होतं, आणि डोक्यावर घारी. मग शेड आली, फिरता पट्टा आला, पट्ट्यावर कॅमेरे आले. हे कॅमेरे आपल्याला न दिसणारा उजेड खाली टाकतात. प्रत्येक जातीचं प्लास्टिक तो उजेड आपापल्या तऱ्हेनं परत पाठवतं, आणि त्यावरून यंत्र ओळखतं की ही पाण्याची बाटली, ही दुधाची पिशवी. पण काळं प्लास्टिक तो उजेड गिळूनच टाकतं, परत काही येत नाही. तीन-तीन थरांची पाकिटं आणि चिखलानं माखलेले तुकडे यांच्यापुढंही यंत्राला काही सुधरत नाही. असला माल शेवटी माणसाच्या हाताखाली येतो. आणि त्या शेडमध्ये हात म्हणजे एकच, द्वारकाबाईंचा.

तुकडा हाती आला की त्या त्याच्याकडं बघायच्याही नाहीत. दोन बोटांत चुरगाळायच्या. चुर्र असा आवाज शेजारणीच्या कानाला पोचायच्या आत तुकडा ज्याच्या त्याच्या ढिगात पडलेला असायचा. तोंडानं शेजारणीची उणीदुणी चालूच.

दोन वर्षांपूर्वी कंपनीनं बाही आणली. मनगटापासून कोपरापर्यंत चढवायची, रंगानं हिरवी, आतून पातळ चकचकीत पट्ट्या. मेंदू हाताला हुकूम देतो तो विजेच्या बारीकशा लहरीनं देतो, आणि ती लहर कातडीवरच्या कातडीवर ही पट्टी टिपते. बोटांच्या टोकांना टिकलीएवढ्या चकत्या चिकटवायच्या. चुरगाळताना तुकडा कसा थरथरतो ते त्या टिपतात. दहा दिवस द्वारकाबाई बाही घालून निवडत बसल्या. यंत्र त्यांच्याकडून एक शब्दही शिकलं नाही. शिकलं ते एवढंच, की अशी थरथर आली की मनगटाचा असा झटका. पुढं तीच बाही उलटी चालवायची. दुसऱ्या कुणाच्या हातावर चढवली की ती थरथर ओळखते आणि त्या हाताच्या स्नायूंना तस्साच बारीक करंट देते. घालणारीला कळायच्या आत बोटं वळतात, मनगट फिरतं आणि तुकडा जागच्या जागी पडतो. पहिले आठ दिवस हाताला मुंग्या येतात म्हणे. मग सवय होते.

आता बेचाळीस शहरांतल्या बेचाळीस शेडमध्ये द्वारकाबाईंचा हात कामाला होता. द्वारकाबाई तेवढ्या नव्हत्या.

ते घडलं असं. बाहीच्या आधी पुण्याच्या कुठल्याशा संस्थेतून ऋजुता नावाची एक मुलगी आली होती. कमी मजुरीची कामं, नव्या हिरव्या नोकऱ्या आणि त्यांत कोण वर जातं, कोण खाली राहतं, याचा अभ्यास करायला. पोर मोठी गोड बोलणारी. पोत्यावर बसून फॉर्म भरायची. त्यात एक प्रश्न होता, तुमच्या कामाला काही कौशल्य लागतं का?

“ह्याला कसलं आलंय कौशल्य?” द्वारकाबाई म्हणाल्या होत्या. “म्हशीला बी जमंल.”

ऋजुतानं पुन्हा विचारलं. पुन्हा म्हैसच आली. त्या बायकांत स्वतःच्या कामाला अवघड म्हणणं म्हणजे आपल्याला ते येत नाही अशी कबुली देणं. द्वारकाबाई कशाला कबुली देतील? पलीकडच्या पोत्यावर शेवंतानं मात्र दीनवाणं तोंड करून सांगितलं, “लई अवघड हाय, ताई. तीस वर्सं झाली, मला अजून काळ्यातलं काळं वळखत न्हाई.”

कंपनीनं नोकऱ्यांच्या पायऱ्या पाडल्या तेव्हा त्याच फॉर्मचा आधार घेतला. बाही घालणारी ती ‘हरित कुशल कर्मचारी’. तिला गणवेश, गळ्यात ओळखपत्र, भरपगारी रजा. अट दोनच, दहावी पास आणि कौशल्याची जाण. शेवंता लग्नाआधी बार्शीत दहावी झालेली, आणि जाण तर तिनं पोत्यावर बसून लिहूनच दिलेली. दुसरी इयत्ता अर्ध्यावर सोडलेल्या द्वारकाबाईंच्या नावापुढं ‘अकुशल’ असं आलं आणि हाती खराटा.

“जिला येत न्हाई ती कुशल, आन् जिला येतंय ती झाडूवाली,” द्वारकाबाई म्हणायच्या. “म्हशीचं नाव घेतलं त्येच चुकलं. म्हशीला तरी गनवेश मिळाला आसता.”

आधी त्या शेडबाहेरचं मैदान झाडायच्या. गेल्या महिन्यात खराटा मारायला त्यांना नेमका मिळाला तो पट्ट्यामागचा भाग, म्हणजे शेवंताच्या पाठीमागचा. दिवसभर डोळ्यांपुढं तो हात. शेवंताची मूळची बोटं आखूड, धांदरट, सुईत दोरा ओवायला तीनदा थुंकी लावणारी. ती आता अशी चालायची की बघत राहावं. तुकडा उचलताना करंगळी किंचित बाहेर. ती करंगळी द्वारकाबाईंची, लहानपणी मोडून वाकडी बसलेली. पाच-सहा तुकड्यांनंतर मनगटाला एक हलकी उसळी. तीही त्यांचीच. आपला नवरा दुसरीच्या पंगतीत आडवा हात मारताना दिसावा, तसं त्यांना व्हायचं.

“शेवंते, कोपर आत घे,” एकदा त्यांच्या तोंडून निघून गेलं.

“मी काही करत नाही, आक्का. आपोआप होतं.”

“त्ये दिसतंय. तू काही केलं आसतं तर पट्टा बंद पडला आसता.”

पट्ट्यावरच्या बायका खुदकल्या. शेवंताही हसली. तिचं ते हसणंच द्वारकाबाईंना जास्त लागायचं. भांडली असती तर निदान दोन शब्द सुनावता आले असते.

आणि मग एके दिवशी खराट्याखाली काहीतरी आलं. काळ्या प्लास्टिकचे चांगले, जाड, स्वच्छ तुकडे. एक नाही, पंधरा-वीस. शेवंताच्या डाव्या खांद्यामागं भिंतीपाशी पडलेले. द्वारकाबाईंनी बघत राहायचं ठरवलं. दुसऱ्या दिवशी तेच. अधूनमधून तो हात उत्तम माल उचलायचा आणि उजवीकडच्या घसरगुंडीत टाकायच्या ऐवजी डाव्या खांद्यावरून मागं भिरकावायचा. शेवंता ढुंकूनही बघायची नाही. जेवणाच्या सुट्टीत मात्र ती मागं यायची, ते तुकडे वेचायची आणि एका टोपलीत घालून कपडे बदलायच्या खोलीत नेऊन ठेवायची.

द्वारकाबाईंना आनंद झाला म्हणणं बरं दिसणार नाही. पण झाला. माझा हात घेऊन चोरी करते, रांडेची. हाताला बट्टा लावते.

त्या तडक शेडचे मॅनेजर निंबर्गी यांच्या केबिनपाशी गेल्या. निंबर्गी सोलापूरचेच, कपाळाला भस्माचे तीन पट्टे, माणूस वाईट नाही पण कागदाला भिणारा.

“साहेब, तुमची कुशल बाई चांगला माल मागं टाकती आन् दुपारी गोळा करती. मी झाडूवाली, मला काय कळतंय. पन डोळं फुटल्यालं न्हाईत.”

निंबर्गींनी खोलीत जाऊन टोपली पाहिली. शेवंताला बोलावलं. द्वारकाबाई दाराबाहेर खराट्याला टेकून उभ्या राहिल्या. शेवंता रडेल, नाही म्हणेल, देवीची शपथ घेईल असं त्यांना वाटलं होतं. ती एवढंच म्हणाली, “होय साहेब. मी घेतलं.” आणि कागदावर सही करून दिली. बाही उतरवून टेबलावर ठेवली. बाहेर येताना जावेकडं नजर टाकली आणि म्हणाली, “येते वो, आक्का.”

किती दिवसांनी ती असं जुनं बोलली. द्वारकाबाईंच्या ते ध्यानात आलं, पण त्यांनी मनावर घेतलं नाही.

पुढचे चार दिवस त्यांना सुखाचे जायला हवे होते. भिंतीपलीकडं शेवंता दिवसभर घरी. शेडमध्ये बाही एका तरण्या पोरीच्या हातावर चढली. द्वारकाबाई तिच्या मागं झाडायला गेल्या, तर डाव्या बाजूला भिंतीपाशी काळ्या प्लास्टिकचे चांगले जाड तुकडे. त्या खराटा धरून जागच्या जागी उभ्या राहिल्या. ही पण चोर?

पाचव्या दिवशी, सुट्टीच्या सकाळी, ऋजुता दारात आली. अभ्यासाचा दुसरा फेरा होता. दोन वर्षांत पोरीच्या डोळ्याखाली काळं आलं होतं. द्वारकाबाईंनी सतरंजी टाकली.

“या. परत म्हशीचं इचारायला आलाव का?”

“मावशी, तो फॉर्म माझ्या डोक्यातून जात नाही,” ऋजुता म्हणाली. “तुम्ही काय म्हणालात ते लिहिलं, पण म्हणताना हात काय करत होते ते लिहिलंच नाही. पण आज वेगळ्या कामाला आलेय. शेवंताबाईंनी मला शपथ घातली होती तुम्हाला सांगायचं नाही म्हणून. त्यांची नोकरी गेल्यावर मला राहवेना.”

तिनं मांडीवर टॅब उघडला. त्यावर उभ्या रेघाच रेघा.

“ही बेचाळीस शेड. नांदेड, जळगाव, मालेगाव, सगळी. सगळीकडे शंभर तुकड्यांत दोन-अडीच तुकडे डाव्या खांद्यामागं पडतायत. बेचाळीस गावच्या बायका एकदम चोर कशा होतील?”

“मग?”

“ते बाहीत आहे, मावशी. म्हणजे तुमच्यात.”

तिनं त्या दहा दिवसांतलं चित्रीकरण लावलं. मागून घेतलेलं. पडद्यावर एक म्हातारी पाठमोरी बसली होती, पदर कमरेला खोचलेला, मान तिरकी, तोंड अखंड चालू. तिचा उजवा हात उचलत होता, टाकत होता, आणि मध्येच, बोलणं न थांबवता, एक चांगला तुकडा डाव्या खांद्यावरून मागच्या टोपलीत. परत बोलणं. परत तसंच. बाईला स्वतःची पाठ कधी दिसत नाही. द्वारकाबाईंना ती साठाव्या वर्षी दिसली.

आणि कळलं.

मैदानाच्या काळापासूनची त्यांची रीत होती. जी बाई कामाला येऊ शकत नाही, बाळंतीण असो, आजारी असो, तिची टोपली बाकीच्यांच्या मागं ठेवायची. प्रत्येकीनं अधूनमधून चांगल्यातला एक नग मागं टाकायचा. कुणी बोलायचं नाही, कुणी मोजायचं नाही, आणि मुख्य म्हणजे मागं वळून बघायचं नाही. बघितलं की ते देणं राहत नाही, उपकार होतो. बाही आल्यावर कंपनीनं मागची टोपली काढून टाकली आणि ती रीत मोडली, असं सगळ्यांनी धरलं होतं. कधी कुणी मागं पाहिलंच नव्हतं, तर बाहीतला हात अजून टाकतोय हे कळणार कसं?

“ती टोपली कुणाची होती त्या दिवसांत?” ऋजुतानं विचारलं.

द्वारकाबाईंनी मनात दिवस मोजले. त्या दहा दिवसांत शेवंता दवाखान्यात होती, पोटाची पिशवी काढून. टोपली तिचीच होती. दिवसभर तिला शिव्या घालत हा हात तिचीच टोपली भरत होता.

“हुती कुनाची तरी,” त्या म्हणाल्या.

“शेवंताबाईंनी पहिल्या आठवड्यातच ओळखलं. म्हणाल्या, हात सारखा मागं जातो, हे आक्काचंच. मग त्यांनी टोपली परत सुरू केली. आता ती पट्ट्यावरच्या जरीनाबाईंची आहे, त्यांचं मनगट मोडलंय ना. आणि मालेगावात तर गंमतच. तिथल्या बायकांना ही रीत ठाऊकच नव्हती. आधी वैतागल्या, म्हणाल्या बाही बिघडलीय. मग मागं साचलेला ढीग जी घरी बसलेली असेल तिला द्यायला लागल्या. तुमची रीत करंटमधून गेली, मावशी. मी बेचाळीस गावं हिंडले, असलं काही बघितलं नव्हतं.”

“मंग हिनं चोरी केली म्हनून सही का दिली?”

“कारण चूक बाहीत आहे असं कळलं असतं तर कंपनी तो हात साफ करणार. नवा घेणार. त्या मला म्हणाल्या, आक्काच्या हाताला धक्का नको, त्यापरीस मी चोर बरी.”

ऋजुताला वाटलं, मावशींच्या डोळ्यांत आता पाणी येईल. द्वारकाबाईंचं तोंड मात्र लाल झालं होतं. आणि ते मायेनं नव्हे. खुर्ची गेली, गणवेश गेला, रजा गेली, ते सगळं त्यांनी कसंबसं गिळलं होतं. पण हे? टाकलं मी. तीस वर्षं मी. आणि त्यासाठी नोकरीवर पाणी सोडून मोठी कोण झाली, तर शेवंता. त्यांचं एकच पुण्य, त्यांना स्वतःलाही ठाऊक नसलेलं, आणि तेही जावेनं आपल्या अंगावर चढवलं होतं.

“चोरी माझी हाय,” त्या उठत म्हणाल्या. “तिनं मला न इचारता सही केलीच कशी?”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या ऋजुताला घेऊन निंबर्गींच्या टेबलापुढं उभ्या होत्या.

“साहेब, माल मी टाकलाय. शेवंताचं नाव काडा, माझं घाला.”

निंबर्गींनी चष्मा वर केला. “आजी, तुम्ही तर झाडू मारता की वो. तुम्ही कसं टाकणार?”

“बाहीत हात कुनाचा हाय?”

“तुमचा.”

“मंग चोर कोन?”

निंबर्गींनी टेबलावरचे कागद चाळायला घेतले. ऋजुतानं रेघांचा टॅब त्यांच्यापुढं सरकवला आणि मग फोनाफोनी झाली. दुपारपर्यंत कंपनीचा तंत्रज्ञ गाडी घेऊन हजर. चुणचुणीत माणूस होता. म्हणाला, फोन आल्यापासून मागं टाकणं तेवढं काढून बघतोय, पण होत नाही. ते काढलं की सगळाच हात अडखळतो, उचलायचंही विसरतो. शिकताना यंत्र असं वेगवेगळं शिकत नाही. शिजलेल्या आमटीतनं मीठ कसं काढणार? सुरुवातीला आणखी तिघींचे हात घेतले होते, पण त्यांची निम्मी निवड चुकते. उपाय एकच. याच आजींनी पुन्हा बसायचं आणि मागं न टाकता निवडायचं.

“आणि आजींना कंपनी ‘मूळ हात’ असा हुद्दा देईल,” तो म्हणाला. “कायमचा. दहावीची अट नाही. बेचाळीस शेडमध्ये तुमचं नाव लागेल.”

द्वारकाबाईंनी खराटा भिंतीला टेकवला. खोटं कशाला, त्यांना तो हुद्दा हवा होता. साडीवर चढवायचा तो हिरवा कोट हवा होता, गळ्यातलं कार्ड हवं होतं, आणि ते घालून शेवंताच्या दारावरून जायचं होतं, सावकाश. त्यांनी हात पुढं केला. “चढवा.”

बाही चढली. पट्टा सुरू झाला. त्यांची मोडकी करंगळी बाहेर आली आणि दोन वर्षांनी तो हात आपल्या घरी आला. तुकडे आपोआप उडायला लागले. दहाएक मिनिटांनी खांदा मागं जायला लागला तसा त्यांनी दात आवळले आणि हात उजवीकडं नेला. पुन्हा गेला, पुन्हा आणला. तासाभरात हात वठणीवर आला. मागं एकही नाही. तंत्रज्ञ पडद्याकडं बघत मान डोलवत होता. निंबर्गींनी चहा मागवला.

हात ऐकतो की, द्वारकाबाईंच्या मनात आलं. एवढं सोपं होतं.

मग त्यांच्या डोळ्यांपुढं ती बाही आली, उद्या बेचाळीस गावी जाणारी. मालेगावची कोणी बाई, जळगावची कोणी, भराभर उजवीकडं टाकणाऱ्या, मागं भिंत कोरडी. त्या बायका त्यांना ओळखत नव्हत्या, त्यांचं काय एवढं. पण त्यातली एक बाही शेवंतालाही मिळणार होती. ती निर्दोष ठरली होती, तिला परत घेणारच होते. शेवंता ती हातावर चढवणार. पहिल्याच तासाला, हात एकदाही मागं गेला नाही की तिला कळणार. जगात एकटी तीच होती, जिला हा हात आतून ठाऊक होता. ती कुणाला काही बोलणार नाही. हसणारही नाही. नुसतं तिला कळेल, की हुद्द्यासाठी आक्कानं हात आखडता घेतला, आणि ह्याच हातापायी आपण चोर व्हायला निघालो होतो.

ते द्वारकाबाईंच्यानं झालं नसतं. शेवंतानं कीव केली असती, आणि शेवंताच्या कीवेपेक्षा खराटा परवडला.

त्यांनी पट्टा थांबायची वाट बघितली नाही. बाही खाली ओढली, बोटांवरच्या चकत्या एकेक उपटल्या.

“काय झालं, आजी? छान चाललं होतं,” तंत्रज्ञ म्हणाला.

“ह्यो कुना दुसऱ्याच बाईचा हात झाला. ह्येला माझं नाव लावू नका.”

“अहो, पण हुद्दा...”

“ज्याला मागं टाकता येत न्हाई तसलं हात तुमच्याच हापिसात लई आसतील. त्यातला घ्या.”

निंबर्गी हळूच म्हणाले, “आजी, विचार करा. खराटाच राहतोय बघा मग.”

“ऱ्हाऊ दे. तुमचा गनवेश म्हशीला घाला, साहेब.”

शेवटी जुनाच हात चालू राहिला. त्याच्या तोडीचा दुसरा नव्हता आणि पट्टे थांबवणं कंपनीला परवडणारं नव्हतं. शंभरातले ते दोन-अडीच तुकडे कागदावर ‘अटळ घट’ म्हणून लागले. निंबर्गींनी आपण होऊन पट्ट्यामागं एक टोपली ठेवायला परवानगी दिली, तोंडी, कागदाविना. ऋजुतानं आपल्या अहवालात ‘अकुशल’ या शब्दावर सतरा पानं लिहिली. ती कोण वाचणार हे तिलाही ठाऊक नव्हतं. आणि शेवंताच्या घरी निरोप गेला, सोमवारपासून या.

सोमवारी सकाळी कामावर निघायच्या वेळी द्वारकाबाई भिंतीला वळसा घालून जावेच्या दारात गेल्या. दोन वर्षांत त्यांनी तो उंबरा ओलांडला नव्हता. शेवंता हिरवा कोट घालून बटणं लावत होती. जावेला बघून तिचे हात थांबले.

“या की, आक्का. बसा.”

“बसायला न्हाई आले.”

“ऐकलं मी. हुद्दा सोडलाव म्हनं.” शेवंताचा आवाज खाली गेला. “माझ्यापायी सोडायचा न्हाई वो. मला काय, मी घरी बसले आसते.”

“तुझ्यापायी? तुझ्यापायी मी केस बी सोडनार न्हाई.” द्वारकाबाई चौकटीला हात लावून उभ्या राहिल्या. “टाकलं मी, आन् चोर झालीस तू. कुनाला इचारून?”

“तुमाला इचारलं आसतं तर हो म्हनला नसताव.”

“न्हाईच म्हनले आसते.”

“मंग?”

शेवंताच्या कोटाचं वरचं एक बटण चुकीच्या भोकात गेलं होतं. द्वारकाबाईंनी पुढं होऊन ते काढलं आणि नीट लावलं. कॉलर जरा जोरातच ओढली.

“तीस वर्सं मी तुझ्यात खोट हुडकतीया, शेवंते,” त्या म्हणाल्या. “कामात घावली. सैपाकात घावली. बोलन्यात तर रोज घावती. पन बाई म्हनून तू माझ्यापरीस चांगली हायस, आन् त्येच मला बघवत न्हाई.”